खुबा, गुडघा, घोटा : दुखऱ्या सांध्यांना विश्रांती किती?

रविवारी पहाटे आतकरवाडीहून सिंहगड चढणाऱ्यांची रांग पाहिली, तर साऱ्या पुण्याला व्यायामाचे वेड लागले आहे असे वाटावे. पन्नाशीतले बँक अधिकारी, संगणक कंपन्यांतले तरुण, निवृत्त शिक्षिका, महाविद्यालयीन मुले सारेच त्या वाटेने वर जातात, भजी आणि मडक्यातले दही खातात आणि उतरू लागतात. उतरताना मात्र रांगेचा वेग मंदावतो. कुणी पाऊल आडवे टाकत उतरतो, कुणी दर वळणावर थांबून गुडघा चोळतो, कुणी सोबत्याच्या खांद्याचा आधार घेतो. चढताना धाप लागते. दुखते ते उतरताना.

पुढचा क्रमही बहुधा ठरलेला असतो. सोमवारी जिना टाळून लिफ्ट घेतली जाते, आठवडाभर मलम चोळले जाते, मग एक्स-रे किंवा एमआरआय होतो. अहवालात झिजेचा उल्लेख असतोच. तो वाचून घरातले निदान करून टाकतात : ‘वाटी झिजली’, ‘वंगण संपलं’, ‘आता गड-बिड बंद करा’. सल्ला प्रेमाचा असतो आणि काही दवाखान्यांतूनही तोच मिळतो. माणूस चालणे थांबवतो. तीन-चार महिन्यांनी दुखणे कमी झालेले असते, पण मांडीचे स्नायूही रोडावलेले असतात, वजन वाढलेले असते आणि रक्तातली साखर सीमारेषेवर आलेली असते. उत्साहाने पुन्हा गड चढायला जावे, तर पहिल्याच उतारावर दुखणे परत. मग मात्र त्याची खात्रीच पटते, की गुडघा कायमचा कामातून गेला.

या साऱ्या साखळीत सर्वांत मोठी चूक ‘झीज’ या शब्दाची आहे. सायकलची साखळी झिजते, रिक्षाचे टायर झिजते. ती जितकी वापरावी तितकी कमी होतात. कूर्चा, हाड, स्नायू आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी मजबूत दोरी) या जिवंत ऊती आहेत. त्यांच्यावर भार पडला, की त्या त्या भाराला तोंड देण्यासाठी स्वतःत बदल करतात. भार काढून घेतला, की दुबळ्या होतात. हाडाची रचना त्यावर पडणाऱ्या भारानुसार बदलते, हा सिद्धान्त जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. सांध्याची कूर्चा तर आपले पोषणही दाब पडणे आणि दाब सुटणे या क्रियेतूनच मिळवते, कारण तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. अर्थात जिवंत ऊतीला बदलायला वेळ लागतो. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो, कंडरेला महिने लागतात, हाडालाही तसेच. सक्रिय माणसांची बहुतेक दुखणी या वेळेच्या हिशेबात चूक झाल्याने उद्भवतात.

भार आणि कुवत

उतरताना गुडघा का दुखतो, याचे उत्तर आता आकड्यांत देता येते. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील संशोधकांनी काही रुग्णांना भार मोजणारी उपकरणे बसवलेले कृत्रिम सांधे लावले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजमापांनुसार सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट भार येतो, जिना चढताना तीनपटींहून थोडा अधिक आणि उतरताना जवळजवळ साडेतीनपट. म्हणजे सत्तर किलोचा माणूस पायरी उतरतो, तेव्हा त्याचा गुडघा प्रत्येक पावलाला सुमारे २४० किलो पेलत असतो. पाठीवर सॅक असेल तर आणखी. गडाच्या वाटेवर अशी पावले हजारोंनी पडतात. शिवाय उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होत असतानाच ब्रेकसारखे काम करतो. हे काम त्याला एरवी करावे लागत नाही, म्हणून तो लवकर थकतो. आणि थकला, की धक्का सांध्यावर येतो.

इतका भार ऐकून छाती दडपते. पण निरोगी गुडघा तो आयुष्यभर पेलतो. धावणाऱ्यांचे गुडघे लवकर खराब होतात, या समजुतीची अनेक अभ्यासांतून तपासणी झाली आहे. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात खुबा आणि गुडघा यांच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावपटूंमध्ये ३.५ टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि व्यावसायिक स्पर्धकांत १३.३ टक्के आढळले. या आकड्यांचा अर्थ जपून लावायला हवा. ज्यांचे गुडघे आधीच दुखत होते ते धावण्याच्या वाटेला गेलेच नसतील, असेही संभवते. तरीही हौसेने, बेताने धावल्यामुळे गुडघा संपतो, हा दावा त्यातून टिकत नाही.

मग दुखते कशामुळे? बहुतेक वेळा उत्तर रोजनिशीत सापडते. डिसेंबरात नाव नोंदवले आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी सहा आठवड्यांत अंतर दुप्पट केले. वर्षभर खुर्चीत बसून पावसाळ्यात सलग तीन शनिवार-रविवार भटकंती केली. टाळेबंदीनंतर बॅडमिंटनचा कोर्ट उघडला आणि पहिल्याच दिवशी दोन तास खेळले. पंढरीच्या वाटेवर शेतात राबणारी सत्तरीची आजी दिवसाला वीस किलोमीटर सहज चालते आणि शहरातून पहिल्यांदाच दिंडीत गेलेला तिशीचा तरुण दिवे घाटानंतर पाय धरून बसतो. दोघांवर पडलेला भार सारखाच असतो, फरक आधीच्या सवयीचा असतो. भार अंगभूत कुवतीच्या पुढे गेला, की दुखणे सुरू होते. म्हणून उपचारालाही दोनच दिशा आहेत : काही काळ भार उतरवायचा आणि त्याच वेळी कुवत वाढवायची. केवळ विश्रांती पहिले काम करते, दुसरे बिघडवते.

अहवालातली भीती

एमआरआय हे उत्तम साधन आहे. पण तो चित्र दाखवतो, वेदना दाखवत नाही. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम येथे ५० ते ९० वयाच्या ९९१ नागरिकांचे गुडघे एमआरआयने तपासण्यात आले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ज्यांची गुडघ्यातली गादी फाटलेली होती, त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात कसलाही त्रास झालेला नव्हता. त्वचेला जशा सुरकुत्या, तसे हे बदल वयाबरोबर येतात. चाळिशीपुढच्या माणसाच्या अहवालात काही ना काही सापडणारच, आणि जे सापडले त्यामुळेच दुखते आहे असे सिद्ध होत नाही.

फिनलंडमध्ये याची पुढची पायरी गाठली गेली. गादी वयपरत्वे फाटलेल्या १४६ रुग्णांपैकी काहींवर दुर्बिणीतून फाटका भाग काढण्याची शस्त्रक्रिया झाली, काहींवर त्या शस्त्रक्रियेचे केवळ नाटक झाले. भूल तीच, छेद तेच. आत मात्र काही कापले नाही. वर्षानंतर दोन्ही गटांच्या वेदनेत म्हणण्यासारखा फरक नव्हता. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा अस्थिशल्यविशारदांत बरीच खळबळ उडाली. खेळताना पाय पिळवटून तरुण गुडघ्यातली गादी फाटणे, किंवा तिचा तुकडा अडकून गुडघा सरळच न होणे, ही प्रकरणे वेगळी; तिथे शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. पण पंचेचाळिशीच्या, अधूनमधून दुखणाऱ्या गुडघ्यासाठी केवळ अहवालात ‘टेअर’ हा शब्द आहे म्हणून कुणी शस्त्रक्रियेची तारीख देऊ लागले, तर आधी तीन महिने व्यायाम करून पाहता येईल का, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

गुडघ्याचे दुखणे, खुब्याचे काम

सक्रिय तरुण-मध्यमवयीन लोकांत सर्वाधिक आढळते ते वाटीभोवतीचे दुखणे. जिना उतरताना, उकिडवे बसताना दुखते. चित्रपटगृहात किंवा एसटीत तास-दोन तास पाय मुडपून बसले, की कळ येते. नेमकी जागा विचारली तर रुग्ण एक बोट ठेवू शकत नाही, पूर्ण तळवा वाटीवर ठेवतो. धावणाऱ्यांना दुसराही त्रास होतो, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला. खुब्यापासून नडगीपर्यंत मांडीच्या बाहेरून एक जाड पट्टा जातो, त्याखालचा भाग दाबला जाऊन तो होतो. ठरावीक अंतर धावले, की तो ठरावीक वेळी सुरू होतो आणि उतारावर वाढतो.

दोन्हींत तपासणाऱ्याने गुडघ्यापुरते पाहून भागत नाही. रुग्णाला एका पायावर उभे करून हळूच अर्धी बैठक मारायला सांगावे. पुष्कळदा विरुद्ध बाजूचे कंबरेचे हाड खाली झुकते आणि गुडघा आतल्या बाजूला कलतो. मांडीचे हाड वरून सांभाळणारे नितंबाचे स्नायू अशक्त आहेत, किंवा निदान थकलेले आहेत, याची ती खूण. वाटी ज्या खोबणीतून सरकते ती खोबण मांडीच्या हाडात आहे. ते हाडच आत वळले तर वाटीवर तिरपा दाब येतो. म्हणूनच केवळ गुडघ्याच्या व्यायामापेक्षा गुडघा आणि खुबा या दोहोंच्या व्यायामाने आराम अधिक पडतो, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे.

व्यायाम साधे आहेत. उताणे झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणे; कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलणे; हात न टेकता खुर्चीतून सावकाश उठणे आणि त्याहून सावकाश बसणे; बुटक्या पायरीवर एका पायाने उभे राहून दुसऱ्या पायाची टाच जमिनीला टेकवणे. हे शेवटचे म्हणजे गड उतरण्याचीच घरातली तालीम. अवघड आहे ते सातत्य. आठवड्यातून तीन दिवस, सहा ते बारा आठवडे, दर पंधरवड्याला पायरीची उंची किंवा हातातले वजन वाढवत. दहा वेळा उचलल्यावर आणखी वीस वेळा सहज जमणार असेल, तर तो व्यायाम आता पुरेसा नाही. आपल्याकडे अनेक जण सहा महिने तोच कागद, तेच दहा आकडे करत राहतात आणि फरक पडत नाही म्हणून सोडून देतात.

धावणाऱ्यांसाठी आणखी एक सोपा उपाय आहे. वेग तोच ठेवून पावले आखूड आणि अधिक टाकायची. मिनिटाला १६० पावले पडत असतील, तर ती १६८ ते १७६ करायची. पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, की गुडघा आणि खुबा यांवरचा भार घटतो, हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले. यात पैसा लागत नाही. महागड्या बुटांच्या जाहिरातींत म्हणूनच कदाचित ते सांगितले जात नसावे.

खुबा : जांघ की बाजू?

‘माझा खुबा दुखतो’ असे म्हणताना कुणी कंबरेवर हात ठेवतो, कुणी बाजूच्या हाडावर, कुणी जांघेत. खुब्याचा सांधा खोल आत आहे आणि त्याची वेदना सहसा जांघेत जाणवते. कधी ती मांडीतून थेट गुडघ्यात उतरते. गुडघ्याच्या एक्स-रेवर एक्स-रे निघत राहतात आणि दोष वर खुब्यात असतो, असे घडते ते यामुळे.

बाजूच्या उंचवट्याशी दुखणे हा वेगळा प्रकार. चाळिशी-पन्नाशीतल्या चालणाऱ्या स्त्रियांत तो फार आढळतो. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, जिना चढताना टोचते, एका पायावर उभे राहून कपडे घालताना कळ येते. याला पूर्वी द्रवाच्या पिशवीची सूज मानून इंजेक्शन देत. आता हा बहुतांशी नितंबाच्या कंडरांचा आजार असल्याचे स्पष्ट झाले आहे. ऑस्ट्रेलियात २०४ रुग्णांच्या तीन गटांची तुलना झाली : एका गटाला माहिती आणि व्यायाम, दुसऱ्याला स्टिरॉइडचे एक इंजेक्शन, तिसऱ्याला केवळ वाट पाहण्याचा सल्ला. आठ आठवड्यांनी बरे वाटल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ७७, ५९ आणि २९ टक्के होते. वर्षानंतर व्यायामाचा गट ७९ टक्क्यांवर होता. इंजेक्शनचा गट होता तिथेच, ५८ टक्क्यांवर, आणि नुसती वाट पाहणारेही तोवर ५२ टक्क्यांवर पोहोचले होते. २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

यातल्या ‘माहिती’ या भागाकडे दुर्लक्ष होऊ नये. बसची वाट पाहताना एका पायावर कलून उभे राहणे, खुर्चीत पायावर पाय टाकून बसणे, कुशीवर झोपल्यावर वरचा पाय पुढे टाकणे या सवयींनी ती कंडरा हाडावर दाबली जाते. दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपणे हा पहिल्या आठवड्यातला सर्वांत गुणकारी उपाय ठरतो. आणि ‘आखडले असेल’ म्हणून बाजूचा भाग ताणत राहणे याच दुखण्यात अपाय करते.

जांघेतल्या दुखण्याबाबत मात्र सावध राहायला हवे. लांब पल्ल्याच्या धावपटूला जांघेत खोल दुखू लागले, एका पायावर उडी मारताना ते वाढले, तर मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक तडा गेलेला असू शकतो. साध्या एक्स-रेत तो सुरुवातीला दिसत नाही. अशा पायावर ‘वेदनेतून धावत राहण्याचा’ हट्ट केला, तर हाड मोडून मोठी शस्त्रक्रिया ओढवते. कमी खाऊन जास्त धावणाऱ्या, मासिक पाळी अनियमित झालेल्या मुलींत हा धोका अधिक. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरताही त्यात भर घालते. दुसरी शक्यता, खुब्याच्या गोलकाचा रक्तपुरवठा तुटण्याची. दीर्घकाळ किंवा मोठ्या मात्रेत स्टिरॉइड घेतलेल्यांत आणि अति मद्यपान करणाऱ्यांत ती आढळते. कोविडमध्ये स्टिरॉइड दिल्या गेलेल्या काही तरुण रुग्णांतही पुढे हा आजार दिसून आला. ही दोन्ही निदाने व्यायामाने सुटणारी नव्हेत. लवकर एमआरआय करणे इथेच खरे उपयोगाचे.

मुरगळलेला घोटा

घोटा मुरगळण्याला कुणी आजारच मानत नाही. आंबेहळदीचा लेप, गरम पट्टी, फार तर हाडवैद्याकडे जाऊन पाय ओढून घेणे, आणि सूज उतरली की खेळायला मोकळे. तोच घोटा वर्षभरात तीनदा मुरगळतो आणि मग ‘माझा पाय तसाच आहे’ असे मान्य करून माणूस जगू लागतो. खरे तर इतक्या स्वस्तात टाळता येण्यासारखे दुसरे दुखणे क्वचितच असेल.

पाय आत वळून मुरगळला, की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा पुढचा अस्थिबंध ताणतो किंवा फाटतो. हाड मोडले आहे का, हा पहिला प्रश्न. कॅनडातील ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये त्यासाठी सोपे निकष दिले, आणि ते आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटिमीटरच्या भागात किंवा टोकावर दाबल्यावर दुखत असेल. पावलाच्या बाहेरच्या कडेवरचे मधले हाड किंवा आतल्या कमानीवरचे हाड दाबल्यावर दुखत असेल. अथवा मुरगळल्यानंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही लंगडत का होईना, चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. एरवी तो सहसा लागत नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांत दाबपट्टी बांधणे आणि पाय उंच ठेवणे महत्त्वाचे. बर्फाने वेदना कमी होते, एवढाच त्याचा गुण. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चतुःसूत्री १९७८ मध्ये लोकप्रिय करणारे अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनीच पुढे २०१४ मध्ये लिहिले, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी भरून येण्याची क्रिया लांबू शकते. सोसवेल तितका भार टाकत चालायला लागणे आता योग्य मानले जाते.

खरे काम सूज उतरल्यावर सुरू होते. अस्थिबंधात केवळ ताकद नसते; पाय कोणत्या कोनात आहे, याची खबर मेंदूला देणाऱ्या चेतातंतूंचेही ते ठाणे असते. ते बिघडले, की खडबडीत जागी पाय पडल्यावर स्नायू सावरायला उशीर करतात. म्हणून एका पायावर उभे राहण्याचा सराव : आधी दात घासताना, मग डोळे मिटून, मग उशीवर, मग चेंडू झेलत. नेदरलँड्समधील व्हॉलीबॉलपटूंवर २००४ मध्ये झालेल्या अभ्यासात डगमगत्या फळीवरच्या अशा सरावाने, आधी घोटा मुरगळलेल्या खेळाडूंमध्ये, पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण घटले. दिवसाला पाच मिनिटे पुरतात.

टाचेच्या मागच्या जाड कंडरेचे दुखणे हा धावणाऱ्यांचा दुसरा शाप. सकाळची पहिली पावले आखडलेली, थोडे चालल्यावर बरे, धावल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. स्वीडनमधील शल्यचिकित्सक हाकन अल्फ्रेडसन यांना स्वतःलाच हा त्रास होता. शस्त्रक्रिया नाकारली गेल्यावर, कंडरा एकदाची तुटावी म्हणून त्यांनी तिच्यावर मुद्दाम भार टाकायला सुरुवात केली आणि ती बरीच झाली, अशी कथा सांगितली जाते. कथा कशीही असो, १९९८ मधला त्यांचा अभ्यास नोंदलेला आहे. पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाच सावकाश खाली सोडायची. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. सहज जमू लागले, की पाठीवर वजनाची सॅक. पंधरा हौशी धावपटूंवर हा प्रयोग झाला आणि पंधराही जण धावण्याकडे परतले. पुढे आठवड्यातून तीनच दिवस, अधिक वजन घेऊन सावकाश व्यायाम केल्यानेही तेवढाच गुण येतो असे आढळले. नोकरदारांना ते अधिक झेपते. दुखणे अगदी टाचेच्या हाडाला चिकटून असेल, तर टाच पायरीच्या पातळीखाली नेऊ नये.

इथे एक सूचना औषधांविषयी. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविके आपल्याकडे सर्रास घेतली जातात. त्यांनी कंडरांना, विशेषतः टाचेच्या कंडरेला, इजा होऊ शकते आणि क्वचित ती तुटतेही. अशा गोळ्या सुरू असताना टाच दुखू लागली, तर धावणे थांबवून डॉक्टरांना लगेच कळवावे. तसेच शर्यतीच्या दिवशी सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन धावण्याची चाल घातक आहे. घाम जाऊन शरीर कोरडे पडलेले असताना त्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि धोक्याची सूचना देणारी वेदनाही दाबून टाकतात.

किती दुखले तर चालेल?

व्यायाम करताना थोडे दुखले, की रुग्ण घाबरून थांबतो किंवा ईर्ष्येने पुढे रेटतो. दोन्ही टोकांच्या मधली वाट स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांनी तपासली. शून्य म्हणजे वेदना नाही, दहा म्हणजे कल्पनेतली सर्वांत वाईट वेदना. व्यायामाच्या वेळी पाचपर्यंत वेदना चालेल. पण ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर यायला हवी आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. टाचेच्या कंडरेच्या रुग्णांना हा नियम देऊन एका गटाला धावणे-उड्या चालू ठेवू दिल्या, दुसऱ्याला पहिले सहा आठवडे त्या बंद ठेवायला सांगितल्या. दोन्ही गटांना व्यायाम मात्र तेच. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार धावत राहिलेल्यांचे काहीही नुकसान झाले नाही. हाडाला तडा गेल्याची शंका असेल तर हा नियम लागू नाही. तिथे वेदना म्हणजे थांबण्याचीच आज्ञा. एरवी उतारा एकच : सकाळी उठल्यावर पहिली दहा पावले कशी पडतात, ते वहीत लिहून ठेवणे.

गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटलेल्या खेळाडूंच्या बाबतीत घाई सर्वांत महाग पडते. कबड्डीच्या मैदानावर हे रोजचे दुखणे आहे. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आधी केवळ व्यायामोपचार दिलेल्या ५९ जणांपैकी दोन वर्षांत २३ जणांना शस्त्रक्रिया लागली; उरलेल्यांचे तिच्यावाचून भागले आणि दोन्ही गटांचे निष्कर्ष सारखे आले. चढाई करणाऱ्या, क्षणात दिशा बदलणाऱ्या खेळाडूला बहुधा शस्त्रक्रिया हवीच असते. मात्र तिच्यानंतर नऊ महिने पूर्ण होईपर्यंत मैदानावर परतणे जितके लांबवावे, तितका पुन्हा दुखापतीचा धोका, दर महिन्यामागे निम्म्याने, घटतो, असे नॉर्वेतील एका अभ्यासाने २०१६ मध्ये दाखवले. आपल्याकडे गावच्या जत्रेतली स्पर्धा आणि नोकरभरतीची निवड चाचणी खेळाडूला सहाव्या महिन्यातच मैदानावर ओढते. त्याला थांबवणारा कुणी तालमीत असतोच असे नाही.

उपचारांच्या बाजारात आणखी एक गोष्ट खटकते. अनेक ठिकाणी फिजिओथेरपी म्हणजे ‘मशीन लावणे’ असाच अर्थ रूढ झाला आहे. पंधरा मिनिटे विजेचे पॅड, दहा मिनिटे अल्ट्रासाउंड, शेवटी शेक. दहा दिवसांचे पॅकेज. तात्पुरता आराम त्याने पडतो, नाही असे नाही. पण आडव्या पडलेल्या माणसाच्या मांडीत त्याने ताकद येत नाही. रुग्णाला घाम फोडणारा, पुढच्या भेटीत वजन वाढवणारा आणि ‘दोन महिन्यांनी येण्याची गरज उरू नये’ असे म्हणणारा उपचारक सापडला, तर तो धरून ठेवावा.

रात्री झोपमोड करणारी सततची वेदना, तापासोबत लाल-गरम सुजलेला सांधा, अडकून सरळ न होणारा गुडघा, टाचेमागे ‘फट्’ असा आवाज होऊन चवड्यावर उभे राहता न येणे, एकाच पोटरीला अचानक आलेली सूज यांपैकी काहीही दिसले, तर मात्र हा सारा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

राहिला तो सिंहगड. चढण्याचा भार कमी आणि उतरण्याचा अधिक, हे ध्यानात घेतले तर परतीचा आराखडा आपोआप तयार होतो. पहिले तीन-चार आठवडे सपाटीवर चालणे आणि घरचे व्यायाम. मग गड पायी चढायचा आणि उतरताना गाडीरस्त्याने वाहनातून यायचे. सिंहगडावर ती सोय आहे. जिन्याचे तीन मजले, मग सहा मजले पायी उतरून दुसऱ्या दिवशीची सकाळ पाहायची. दहाव्या-बाराव्या आठवड्यात दोन्ही हातांत काठ्या घेऊन, सॅक रिकामी ठेवून, आखूड पावले टाकत पूर्ण वाट उतरायची. पुढचा रविवार मोकळा सोडायचा. त्यानंतरच्या रविवारी काठ्या गाडीतच राहिल्या तरी चालतील.